दारातल्या तगाद्यापासून दिवाणी तुरुंगापर्यंत

पेशवाईत कर्ज थकले की सावकार कुळाच्या दारात जाई. या वसुलीला तगादा म्हणत. तगादा नुसत्या मागणीपासून सुरू होई आणि दारात प्यादा बसवणे, कुळाला जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे इथवर चढे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात हे प्रकार नोंदवले आहेत. धरणे मात्र दोघांनाही जाचक होते. कुळाला उपाशी ठेवणाऱ्या सावकारालाही उपाशी बसावे लागे. घर-जमीन सहसा विकली जात नसे आणि दामदुपटीमुळे थकलेले व्याज मुद्दलापलीकडे मागता येत नसे. हाल शरीराचे होत, संसार बहुधा टिके.

इंग्रजी अमलात दाराची जागा कचेरीने घेतली. 1855 मध्ये व्याजदरावरची कायद्याची मर्यादा उठली. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला 3 वर्षांची मुदत घातली. जुन्या दाव्यांपासून कुळाला वाचवणे हा हेतू होता, घडले उलटेच. मुदत भरत आली की खत नवे होई, थकलेले व्याज मुद्दलात जाई आणि वाचता न येणारे कुळ खाली निशाणी करून मोकळे होई. व्याजच मुद्दल झाल्यावर दामदुपटीचा आधार तरी कसला? पुढे दावा, बहुतेकदा एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, लिलाव किंवा दिवाणी कैद. सावकाराला कुळ कोठडीत हवेच असे नाही. कैदेच्या धाकाने नवे खत मिळाले तरी त्याचे काम होई.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने 150 रुपयांच्या कर्जापायी तिथल्या देशमुखावर हुकूमनामा बजावला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. कागद हाती आले तिथे त्यांची होळी झाली. चौकशी आयोगानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. खतामागचा हिशेब मुळापासून तपासणे, हप्ते बांधून देणे, खास गहाण नसलेली जमीन जप्तीतून वगळणे या त्याच्या ठळक तरतुदी. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला होणारी अटकही थांबली. त्याच जिल्ह्यांतला कारकून मात्र तुरुंगात जाऊ शकत होता.

1908 च्या दिवाणी संहितेत 50 रुपयांहून मोठ्या हुकूमनाम्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती. पैशाच्या वसुलीसाठी स्त्रीला अटक करता येत नव्हती. शेतकऱ्याचे बैल, कारागिराची अवजारे, स्वयंपाकाची भांडी आणि मंगळसूत्रासारखा धर्माने न उतरवायचा दागिना जप्तीबाहेर होता. 1936 च्या दुरुस्तीने, ऐपत असून न देणे किंवा मालमत्ता दडवणे अशी कारणे दिसल्याखेरीज कैद नको, असे ठरले. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नुसत्या गरिबीपायी तुरुंग हे घटनेच्या 21 व्या कलमाशी विसंगत ठरवले.

बिनतारण कर्ज थकणे हा आज गुन्हा नाही, दिवाणी दाव्याचा विषय आहे. फेडीसाठी दिलेला चेक न वटल्यास मात्र दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दिवाणी कैदेची कमाल मुदत आता तीन महिने आहे आणि त्या कैद्याच्या पोटाचा भत्ता धनकोनेच आगाऊ भरायचा असतो.