माती सुटली, पण थंडीचं काय?

धंतोलीत आमच्या गच्चीवर मागच्या हिवाळ्यात मी उभ्या पीव्हीसी पाइपात स्ट्रॉबेरी लावली. जानेवारीत फळं आली, घरचे खूश! मार्च संपेपर्यंत मुळं तपकिरी, चिकट झाली आणि आठवड्याभरात रोपं गेली. नेमकं तेव्हाच मामेभावाने विचारलं, "ताई, कर्ज काढून हायड्रोपोनिक टॉवर लावू का?" त्याला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

मातीविना शेती नवी नाही. 1860च्या दशकात जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवली. हेतू एवढाच, की झाडाला कोणती मूलद्रव्यं लागतात ते कळावं. 1929च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम गेरिकी यांनी हे तंत्र शेतीकडे वळवलं. त्यांचे उंचच उंच टोमॅटो गाजले आणि लोकांना वाटलं, आता माती हवी कशाला? मग त्यांच्याच विद्यापीठातल्या होगलँड आणि आर्नन यांनी तपासून पाहिलं. 1938 मधला त्यांचा निष्कर्ष असा: सुपीक जमिनीपेक्षा पाण्यात उत्पन्न आपोआप जास्त येत नाही. प्रयोगशाळांत आजही वापरतात ते ‘होगलँड द्रावण’ यांचंच. आपल्याकडे 1946 मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले. त्यातून कमी खर्चाची ‘बंगाल पद्धत’ आली.

आता स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती वाढते साध्या मातीतच. तिथली खरी पुंजी म्हणजे तेराशे मीटरांवरची थंड हवा. नागपूर जेमतेम तीनशे मीटरांवर, मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. वर गरम पाण्यात मुळांना प्राणवायू लागतो जास्त, आणि मूळकुज करणारी बुरशीही फोफावते. जमीन हळूहळू तापते. गच्चीवरचा पाइप दुपारपर्यंत तापून निघतो. माझी रोपं खत कमी पडून नाही, गुदमरून मेली.

म्हणजे टॉवर वाईट का? नाही. पाणी आणि जागा वाचते, हे खरंच. पण तो मातीचा प्रश्न सोडवतो, उन्हाचा नाही. म्हणून विकणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारा: एप्रिलमध्ये पाणी गार कसं ठेवायचं, त्याचं वीजबिल किती, आणि लाइट गेली तर पंप कशावर चालेल?

भावाने विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. कर्ज तूर्त थांबलंय. ऑक्टोबर सरताना वीस रोपं लावू, निम्मी पाइपात, निम्मी कुंडीत. हिशोब इथेच मांडेन.