कॉर्कचे खारे गोमांस

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे कॉर्क बंदर १७व्या आणि १८व्या शतकांत खारवलेल्या गोमांसाच्या व्यापारावर भरभराटीला आले. मांसाचे मोठे तुकडे जाड्याभरड्या मिठात मुरवून लाकडी पिंपांत ठासून भरत. ही पिंपे ब्रिटिश आरमाराकडे आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांकडे रवाना होत. गरीब आयरिश शेतकऱ्याच्या ताटात मात्र ते मांस क्वचितच पडे. बटाटे आणि ताक हाच त्याचा रोजचा आहार. जमलेच तर डुकराचे खारे मांस. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि हा आधारही गेला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच होती, ही या इतिहासातली सर्वांत क्लेशकारक बाब.

न्यूयॉर्कला पोचलेल्या आयरिश कुटुंबांना शेजारच्या ज्यू खाटकांकडे गाईच्या छातीचा खारवलेला तुकडा परवडणाऱ्या भावात मिळे. तो मंद आचेवर काही तास उकडायचा आणि शेवटी त्यात कोबी सोडायचा. सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला, अमेरिकेत हेच जेवण रूढ झाले. आयर्लंडमध्ये मात्र कोबीसोबत डुकराचेच मांस शिजत राहिले.

खाऱ्या मांसाप्रमाणेच आयरिश पेयेही दूरदेशी गेली; त्यांपैकीच एक गिनेस ही बिअर. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिनमध्ये भाड्याने घेतलेल्या कारखान्यातून तिची सुरुवात झाली. लांबच्या सागरी प्रवासात टिकावी म्हणून तिचा जास्त हॉप्स घातलेला, कडक प्रकार बनू लागला. नायजेरियात तर ती १९६०च्या दशकापासून स्थानिक कारखान्यातच तयार होते.