दोन डोस, तरी पॉझिटिव्ह: वेल्लोरचे दोन ६४

आज जाऊया २०२१च्या एप्रिल-मेमध्ये. आठवतंय ना? दोन्ही डोस घेतलेले डॉक्टर, नर्स पॉझिटिव्ह येत होते आणि जो तो विचारत होता, मग लस कशाला?

तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तेव्हा स्वतःच्याच कर्मचाऱ्यांचा हिशोब मांडला. एकूण १०,६०० माणसं. लसीकरण २१ जानेवारीला सुरू झालं, बहुतेकांना कोव्हिशील्ड. दोन्ही डोस झालेले ७,०८०; त्यातल्या ६७९ जणांना नंतर कोरोना झालाच. म्हणजे जवळपास दहात एक. एवढंच ऐकलं तर कुणीही घाबरेल.

पण पुढे बघा. या दोन डोसवाल्यांपैकी ६४ जणांना ॲडमिट करावं लागलं. आणि एकही डोस न घेतलेल्यांपैकी? तेही ६४च! म्हणजे बरोबरी? छे! पहिले ६४ हे ७,०८०मधले, दुसरे फक्त १,६०९मधले. भागाकार केला की इकडे शंभरात एकही भरत नाही, तिकडे चार. (सर्व्हरचे एरर मोजतानाही आम्ही आधी एकूण रिक्वेस्ट किती, तेच विचारतो.) ऑक्सिजन लागला इकडे ४ जणांना, तिकडे त्या छोट्या गटात ११. साथ सुरू झाल्यापासून तिथे एकाच कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला होता. इतर आजार होते, आणि लस घेतलेली नव्हती.

संसर्ग मात्र होतच राहिला, त्यामुळे वॉर्डातले मास्क काही उतरले नाहीत. १० जानेवारी २०२२ला देशात प्रिकॉशन डोस सुरू झाला, तेव्हा पहिल्या रांगेत पुन्हा हीच मंडळी होती.