ब्लॅकबर्न रोव्हर्स : क्लबच्या मालकीचा वाद

इंग्लंडमधील लँकाशर परगण्यातल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबची मालकी नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजे ‘वेंकीज’कडे गेली. क्लब कोणाच्या हाती असावा आणि तो कोणाच्या पैशावर चालावा, यावरून तेव्हा सुरू झालेला वाद पंधरा वर्षांनंतरही मिटलेला नाही. त्याची दिसणारी बाजू मालक विरुद्ध समर्थक अशी आहे. समर्थकांचे आपापसातले भांडण हा त्याचा दुसरा पदर. तो कमी गाजला, पण विचार करायला लावतो तो तोच.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरांचे कापड विणले जाई. परदेशी मालावरील बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणी कामगारांना भेटायला गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये आले, ते शेजारच्याच डार्वेन गावात. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ ची फुटबॉल लीग आणि १९९२ ची प्रीमियर लीग या दोन्हींच्या स्थापनेत असलेले क्लब तीनच : अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हा. एफए कप त्याने सहा वेळा जिंकला आहे. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या घरात आणि ईवुड पार्क या मैदानाची क्षमता ३१ हजारांच्या वर. एवढ्या लहान गावाला एवढा मोठा क्लब तिकिटांच्या पैशावर पोसणे कधीच शक्य नव्हते. पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा तर हे गणित आधी ध्यानात ठेवावे लागते.

हे गणित काही वर्षे तरी सोडवले ते जॅक वॉकर यांनी. वॉकर ब्लॅकबर्नचेच. पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलला विकून हाती आलेल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी १९९१ पासून आपल्या लहानपणापासूनच्या क्लबात ओतला. केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक झाले. अ‍ॅलन शिअरर आणि ख्रिस सटन यांच्यासाठी ब्रिटनमध्ये तोवर कोणी मोजली नव्हती एवढी किंमत मोजली गेली. १४ मे १९९५ रोजी शेवटच्या सामन्यात अ‍ॅनफील्डवर लिव्हरपूलकडून हरूनही रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते ठरले, कारण त्याच दुपारी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमला हरवता आले नाही. वॉकर २००० साली वारले. त्यांच्या मागे क्लब जर्सी बेटावरील त्यांच्या विश्वस्त निधीकडे राहिला. विश्वस्तांनी हात हळूहळू आखडता घेतला आणि ते गिऱ्हाईक शोधू लागले. समर्थक नव्या मालकांना वॉकर यांच्या मापाने मोजतात. त्या मापात एक अडचण आहे, ती अशी की वॉकर यांच्या काळातही क्लब एका माणसाच्या मर्जीवरच उभा होता. तो माणूस गावचा होता आणि सामन्यांना समोर बसलेला दिसत असे, एवढेच. मात्र या ‘एवढेच’ला ब्लॅकबर्नमध्ये फार मोल आहे.

वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंड देऊन जवळजवळ सर्व समभाग घेतले. सिंहगड रस्त्यावर मुख्यालय असलेला हा समूह डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारला. भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचे ते जनक मानले जातात. अंड्यांचा भाव ठरवण्याची सूत्रे शेतकऱ्यांच्या हाती यावीत म्हणून १९८२ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीमागेही तेच होते. क्लब घेतला तो त्यांच्या पुढच्या पिढीने : अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू वेंकटेश राव व बालाजी राव. प्रीमियर लीगचा कोणताही क्लब तोवर भारतीय कंपनीच्या मालकीचा झालेला नव्हता. त्यामुळे पुण्यात या बातमीचे अप्रूप होते, तर ब्लॅकबर्नमध्ये सावध कुतूहल. रोनाल्डिन्यो, बेकहॅम अशी नावे हवेत सोडली गेली.

कुतूहल महिनाभरसुद्धा टिकले नाही. डिसेंबर २०१० मध्ये संघ तेराव्या स्थानावर असताना सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढले आणि व्यवस्थापकपदाचा अनुभव नसलेले स्टीव्ह कीन यांना त्या जागी बसवले. खेळाडूंचे व्यवहार करणाऱ्या दलालांचा सल्ला मालक ऐकतात, ही तक्रार इथूनच सुरू झाली. क्लबचा कारभार वर्षानुवर्षे काटकसरीने हाकणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही आठवड्यांतच बाहेर पडले. २०११ मध्ये संघाचे खेळाडू वेंकीजच्या जाहिरातीत ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या खाताना दिसले. हंगाम ऐन भरात असताना हाच संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. पुणेकरांना प्रीमियर लीगचा संघ घराजवळ पाहायला मिळाला. ब्लॅकबर्नमध्ये मात्र संघाला कोंबडीच्या विक्रीसाठी फिरवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोन्ही गावांनी एकच सामना पाहिला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

७ मे २०१२ च्या संध्याकाळी ईवुड पार्कवर विगनविरुद्ध सामना होता. क्लबचा झेंडा अंगावर गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी कोणी तरी मैदानात सोडली. खेळ थांबला, तिला पकडून बाहेर नेले आणि पुन्हा सुरू झाला. रोव्हर्स ०–१ ने हरले आणि अकरा वर्षांनी प्रीमियर लीगबाहेर फेकले गेले. कोंबडीचे ते छायाचित्र जगभर छापून आले. या वादाची ओळख त्यानंतर त्या एका चित्राने होऊ लागली, ही समर्थकांच्या दृष्टीने नुकसानीची गोष्ट. त्यांची गाऱ्हाणी गंभीर होती आणि बाहेरच्यांना त्यात गंमत दिसत होती.

क्लबात निर्णय नेमके कोण घेते, हे त्या गाऱ्हाण्यांचे मूळ. याचे उत्तर न्यायालयालाही सहज सापडले नाही. कीन गेल्यावर आलेल्या हेनिंग बर्ग यांना दोन महिन्यांच्या आत घरी पाठवले गेले. करारानुसार त्यांचे साडेबावीस लाख पौंड देणे लागते, असे क्लबने आधी मान्य केले. मग तो करार करण्याचा अधिकारच आपल्या व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता, असा पवित्रा घेतला. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो धुडकावून बर्ग यांच्या बाजूने निकाल दिला. त्या एका हंगामात हंगामी धरून पाच जणांनी संघ सांभाळला. पुण्यातून एक सूचना, मैदानावरच्या अधिकाऱ्याची दुसरी, सल्लागाराची तिसरी, हे चित्र समर्थक रंगवत होते. ते अतिरंजित नव्हते, हे या खटल्याने दाखवले.

निदर्शनांना मग शिस्त आली. रोव्हर्स ट्रस्ट ही समर्थकांची सभासद-मालकीची संस्था उभी राहिली. कधी तरी क्लबचा हिस्सा विकत घेता यावा, हा तिचा उद्देश; ईवुड पार्कची ‘सामाजिक महत्त्वाची मालमत्ता’ म्हणून पालिकेकडे नोंद व्हावी, यामागेही तीच होती. अशी नोंद असलेले मैदान विकायला निघाले तर स्थानिक संस्थेला बोली जुळवण्यासाठी मुदत मिळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या सामन्यात शेकडो जण अठराव्या मिनिटाला आत शिरले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून गेले : १८ आणि ७५, क्लबचे स्थापनावर्ष. जानेवारी २०१७ मध्ये ब्लॅकपूलशी एफए कपचा सामना होता. तिथले समर्थकही आपल्या मालकांवर चिडलेले, म्हणून दोन्ही गावांच्या लोकांनी मिळून निषेध केला. त्या हंगामात ईवुडवरची सरासरी उपस्थिती १३ हजारांच्या आसपास आली होती. मे २०१७ मध्ये शेवटचा सामना जिंकूनही गोलफरकावर संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ त्याआधी आली नव्हती.

वाद इथे खरा गुंतागुंतीचा होतो. एवढे सगळे होऊनही मालक क्लब सोडून गेले नाहीत आणि त्यांनी पैसे देणेही थांबवले नाही. दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे चॅम्पियनशिपचे, अर्थकारण मुळातच तोट्याचे आहे. तिथल्या क्लबांचा पगारांवरचा एकत्रित खर्च अनेक वर्षे एकूण उत्पन्नाहून जास्त राहिला होता. वरून घसरलेल्या क्लबांना प्रीमियर लीगकडून काही वर्षे आधार-रक्कम मिळते. रोव्हर्सची ती २०१६ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी संघ आणखी खाली गेला, हा योगायोग नव्हे. तेव्हापासून दरवर्षीची तूट पुण्याहून येणाऱ्या पैशाने भरली गेली, काही भागभांडवल म्हणून, काही कर्जाऊ. एकूण रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. तोट्यावर लीगने घातलेली मर्यादा ओलांडल्याने डिसेंबर २०१४ पासून वर्षभर खेळाडूखरेदीवर बंदी होती. पुढे ताळेबंद नियमांत बसवण्यासाठी ब्रॉकहॉल इथले सरावकेंद्र मालकांच्याच कंपनीला विकण्याची तोडही काढली गेली. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली २०१८ मध्ये संघ पहिल्याच प्रयत्नात वर आला, तेव्हा मालकांविषयीचा राग निवळल्यासारखा दिसला. प्रत्यक्षात त्याने रूप बदलले होते.

‘वेंकीज चालते व्हा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे : पंधरा वर्षांत क्लब प्रीमियर लीगमधून उतरला, मालक वर्षानुवर्षे मैदानाकडे फिरकले नाहीत, समर्थकांशी समोरासमोर बोलले नाहीत, ज्याला क्लब चालवायची ओढ नाही त्याने तो विकावा. दुसरी बाजू विचारते की मग कोणाला? वर्षाला दोन-अडीच कोटी पौंड खिशातून घालणारा नवा गृहस्थ कुठून आणणार? लँकाशरमध्येच या प्रश्नाची उत्तरे विखुरलेली आहेत. बरी हा १८८५ चा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला. नव्या मालकाकडे तो चालवायला पैसा नव्हता. ब्लॅकपूलचे उदाहरण उलटे. तिथल्या लोकांनी चार-पाच वर्षे मैदानावर पाऊल ठेवले नाही, एक पैसा दिला नाही. न्यायालयाने प्रापक (रिसीव्हर) नेमला आणि मार्च २०१९ मध्ये १५ हजारांवर लोक एका दुपारी परत आले. तिथे नवा मालकही गावचाच मिळाला. कट्टर प्रतिस्पर्धी बर्नलीचा संघ २०२० मध्ये अमेरिकी गुंतवणूकदारांनी घेतला, तो खरेदीच्या कर्जाचा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवून. वेंकीजने तसे केले नाही, हे त्यांचे कडवे टीकाकारही नाकारत नाहीत. बरीकडे बोट दाखवणाऱ्यांना ‘घाबरट’ आणि ब्लॅकपूलकडे दाखवणाऱ्यांना ‘अविचारी’ ही विशेषणे रोव्हर्सच्या स्टँडमध्ये आता सरावाची झाली आहेत.

भारतातील एका घडामोडीने या वादाचा पायाच हलवला. वेंकीज समूहाच्या परदेशी गुंतवणुकीची सक्तवसुली संचालनालयाने परकीय चलन कायद्याखाली चौकशी सुरू केली. ती चालू असताना क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी लागू लागली. चौकशी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परिणाम मात्र लगेच दिसला. ‘मालक निदान पैसे तरी देतात’ हा मालक बदलण्याबाबत सावध असलेल्या गटाचा हुकमी मुद्दा होता, आणि तोच आता डळमळला. २०२३ पासून दिल्लीतल्या तारखा ब्लॅकबर्नमध्ये सामन्यांच्या तारखांइतक्या लक्षपूर्वक पाहिल्या जाऊ लागल्या. खेळाडूंसाठीची तरतूद कापली गेली, प्रशिक्षक योन डाल टोमासन यांचे बिनसले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. त्याच सुमारास क्लबच्या अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना विकला गेला. पैसा नसला तर समजू शकते, पण कागदपत्रे? जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन आणि वर्षभराने डंकन मॅग्वायर, असे दोन खेळाडू ठरूनही केवळ कागदपत्रांच्या घोळामुळे क्लबला मुकले. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून माघारी घेतला गेला, कारण तिथल्या परवान्याच्या अटींवर खर्च करायची क्लबची तयारी नव्हती. मालक बदलण्याबाबत सावध असलेले अनेक जण या निर्णयानंतर दुसऱ्या बाजूला गेले.

या भांडणात वंशद्वेषाचा वास आहे का, हा प्रश्न भारतात अधूनमधून विचारला जातो. सुरुवातीच्या काळात काही घोषणांची पातळी घसरली होती. पण ब्लॅकबर्न आणि डार्वेन मिळून दर तीन रहिवाशांत एक मुस्लिम आहे, त्यातले बरेच गुजराती आणि पाकिस्तानी वंशाचे. मे २०२२ मध्ये ईदची नमाज मैदानावर भरवणारा इंग्लंडमधला पहिला क्लब हाच होता. मालक भारतीय असल्याचे तिथल्या लोकांना वावडे आहे, असे मानायला फारसा आधार नाही. वावडे आहे ते हजारो मैलांवरून चिठ्ठीचपाटीने चालणाऱ्या कारभाराचे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनने फुटबॉल नियमन कायदा संमत केला. बरीची हकालपट्टी आणि २०२१ चा युरोपीय सुपर लीगचा फसलेला घाट यांतून समर्थकांचा कौल घेऊन झालेल्या चौकशीचे हे फळ. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. मालकाचा पैसा कुठून येतो आणि तो थांबला तर क्लब कसा चालेल, हे नियामक विचारू शकेल. समर्थकांशी सल्लामसलत बंधनकारक होईल, आणि अपात्र ठरलेल्या मालकाला क्लब सोडायला लावण्याचा अधिकारही त्याला आहे. मात्र तूट वेळेवर भरणारा, कोणाचे देणे न थकवणारा आणि तरीही मैदानाकडे न फिरकणारा मालक अपात्र ठरत नाही. रोव्हर्स समर्थकांपैकी ज्यांनी या कायद्यावर मोठी आशा ठेवली आहे, त्यांचा भर म्हणूनच निधीच्या प्रश्नावर आहे : दिल्लीच्या परवानगीवर अवलंबून असलेला पैसा हा खात्रीचा पैसा मानायचा का, एवढेच ते नियामकाला विचारणार आहेत.