वेब सर्व्हरमधील पत्ताजुळणी

वेब सर्व्हरमधील पत्ताजुळणी म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये दिलेल्या पत्त्यावरून सर्व्हरच्या साठ्यातील नेमकी फाइल किंवा प्रोग्राम शोधण्याची नियमबद्ध पद्धत होय. हे नियम सर्व्हरच्या मांडणीत लिहिलेले असतात. साठ्यातील काय जगाला दिसावे आणि काय दिसू नये, ही सीमाही बऱ्याच अंशी त्यांनीच आखली जाते. ‘पत्ताजुळणी’ ही संज्ञा येथे सोयीसाठी योजली आहे. मराठीत या कल्पनेला अद्याप रूढ शब्द नाही.

कार्यपद्धती

अपाची (१९९५) आणि एनजिनएक्स (२००४) हे यातील प्रसिद्ध सर्व्हर. संकेतस्थळासाठी एक मूळ फोल्डर ठरवलेले असते व पत्त्यातील उर्वरित भाग त्याच्या नावापुढे जोडला जातो. मूळ फोल्डर ‘/सेवा/स्थळ’ असेल, तर ‘/सूचना/भरती’ या मागणीवर सर्व्हर ‘/सेवा/स्थळ/सूचना/भरती’ ही फाइल धुंडाळतो. मूळ फोल्डरबाहेरील साठा दाखवायचा असल्यास ‘अलायस’ हा नियम लिहितात.

पत्ता आणि फोल्डर यांचे नाते मात्र नेहमी इतके सरळ नसते. बीड जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मुखपृष्ठाच्या पत्त्यापुढे ‘ईएन’ ही अक्षरे जोडली की इंग्रजी आवृत्ती उघडते. त्यासाठी साठ्यात त्या नावाचे फोल्डर असलेच पाहिजे असे नाही. पुनर्लेखनाचे नियम पत्ता परस्पर एखाद्या प्रोग्रामकडे वळवू शकतात.

धोके

संगणकाच्या भाषेत दोन टिंबांचा अर्थ ‘एक पायरी वर’ असा होतो. एनजिनएक्समध्ये ‘/चित्रे’ हा पत्ता ‘/साठा/चित्रे/’ या फोल्डराला जोडताना पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ राहून गेली, तर ‘/चित्रे../’ अशी मागणीही नियमात बसते. उरलेली दोन टिंबे फोल्डराच्या नावापुढे जोडली जातात आणि सर्व्हर थेट ‘/साठा/’ या वरच्या फोल्डरात पोहोचतो. एका रेघेची ही चूक वाचताना सहज नजरेतून सुटते.

दोष कधी खुद्द सर्व्हरमध्येही असतो. अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता शुद्ध करण्याची रीत बदलली आणि टिंबाऐवजी त्याचे सांकेतिक रूप लिहिले असता ते ओळखले जाईनासे झाले. त्यामुळे अलायसने नेमलेल्या फोल्डरांबाहेरील फाइली मागता येऊ लागल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेली २.४.५० ही दुरुस्ती अपुरी ठरली व काही दिवसांतच २.४.५१ आणावी लागली. ज्या सर्व्हरांवर ‘सर्वांना मनाई’ हा नियम संपूर्ण साठ्याला लागू होता, तेथे मात्र अशा मागण्या नाकारल्या गेल्या.

घुसखोरीवाचून होणारी गळती

बीडसह देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामाईक सेवेवर चालतात. या सेवेच्या सदोष मांडणीमुळे नागरिकांचे आधार क्रमांक व लसीकरणाची माहिती असलेल्या फाइली उघड्या राहिल्याचे वृत्त ‘टेकक्रंच’ने २०२४ मध्ये दिले. येथे कोणी टिंबांची युक्ती योजली नव्हती. फाइली सार्वजनिक पत्त्यावर होत्या आणि शोधयंत्रांनी त्या इतर पानांप्रमाणेच नोंदवून घेतल्या. अशी फाइल मूळ ठिकाणाहून काढली, तरी शोधयंत्राकडील नोंद वेगळी विनंती करून पुसावी लागते.

प्रतिबंध

प्रथम संपूर्ण साठ्याला मनाई करून हवे तेवढेच फोल्डर खुले करणे, ही प्रचलित रीत आहे. फोल्डरातील फाइलींची यादी आपोआप दाखवण्याची सोय बंद ठेवतात, आणि अर्जदारांची कागदपत्रे व राखीव प्रती मूळ फोल्डराबाहेर ठेवतात.