मडके उरले, घडवणाऱ्याचे नाव कुठे गेले?

वारज्यातील आमच्या अभ्यासवर्गात परवा एका प्रश्नावर दोन तट पडले. भांड्यांवर नक्षी काढणारा, फारसा कुणाला माहीत नसलेला कारागीर विश्वकोशातील स्वतंत्र नोंदीला पात्र ठरतो का? एक गट म्हणाला, ज्याच्यावर कुणी लिहिलेच नाही त्याची नोंद करणार कशाच्या आधारावर? दुसरा म्हणाला, ज्यांनी लेखणी हिरावून घेतली त्यांनीच लेखी पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? आमच्या मते दोन्ही गटांचे अर्धेच बरोबर आहे. एक खरे उदाहरण घेऊन पाहू.

1870 च्या दशकात मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत जॉर्ज टेरी या इंग्रज अधीक्षकाने झिलईच्या मातीच्या भांड्यांची कार्यशाळा चालवली. झिलईचे तंत्र सिंधमधून आले आणि नक्षीसाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला गेला. त्याच काळात या शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्यात चित्रांच्या प्रतिकृती करत होते. म्हणजे आपल्या बौद्ध लेण्यांतील कमळे आणि वेलबुट्ट्या फुलदाण्यांवर उतरल्या आणि लंडनच्या संग्रहालयात जाऊन पोहोचल्या. ही भांडी आज ओळखली जातात ती शाळेच्या आणि टेरीच्या नावाने. चाक फिरवणारे आणि कुंचला धरणारे हात ‘देशी कारागीर’ या दोन शब्दांत गुंडाळले गेले.

नावे नोंदवणे अशक्य होते काय? मुळीच नाही. जॉर्ज बर्डवुडने 1880 च्या आपल्या पुस्तकात सिंधमधील कुंभारांची नावे छापली आहेत. कराचीचा जुमू, उस्मान कुंभाराचा मुलगा, हे त्यातलेच एक नाव. ज्याला नोंदवावेसे वाटले त्याने नोंदवले.

आपल्याकडे मात्र कुंभार भेटतो तो बलुतेदार म्हणून. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) बलुतेदारांची कामे आणि हक्क तपशिलाने येतात. तेथे कुंभार आहे, पण जातीच्या रूपात. जातिव्यवस्था कसब जातीच्या खात्यावर जमा करते, माणसाच्या नाही. ज्याचे कौशल्य ‘जन्मजात’ ठरवले, त्याची प्रतिभा वेगळी नोंदवायची गरजच उरत नाही.

हे कायम असेच नव्हते. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कार्ले लेणे लागते. तेथील शिलालेखात धेनुकाकटचा सुतार सामी आपल्या वडिलांच्या नावासह कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी उपासिका विष्णुदत्ताने श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यात ‘कुलरिक’ श्रेणीकडे 1000 कार्षापण होते. ही कुंभारांची श्रेणी असे अभ्यासक मानतात. मज्झिम निकायात तर घटिकार कुंभाराच्या नावाचे अख्खे सुत्तच आहे. आंधळ्या आईवडिलांना सांभाळणारा हा कुंभार कस्सप बुद्धांना राजापेक्षा जवळचा होता. श्रमणाऱ्याचे नाव घेणारी परंपरा या मातीत होती. तिचा आपल्याला विसर पडला.

मग नोंदीचा निर्णय कसा करायचा? येथे बाबासाहेबांकडे वळावे लागते. ‘द अनटचेबल्स’ (1948) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच पेच मांडला आहे. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांच्या इतिहासातले दुवे तुटलेले असतात. अशा वेळी संशोधकाने हात जोडून बसायचे का? बाबासाहेब नाही म्हणतात. तर्काने दुवा जोडा, पण जे खात्रीचे आणि जे तर्काचे ते वेगवेगळे ठेवा, ही त्यांची शिस्त.

हीच कसोटी आम्ही लावतो. जुमूबद्दल एकच ओळ हाती असेल तर त्याची स्वतंत्र नोंद आम्ही करणार नाही. त्याच्या आयुष्याच्या गोष्टी रचून नोंद फुगवणे ही त्याच्याशीच बेइमानी होईल. मात्र सिंधी भांड्यांवरच्या नोंदीत त्याचे नाव आलेच पाहिजे. मुंबईच्या भांड्यांच्या नोंदीत टेरीइतकीच कारागिरांच्या कामाची दखल हवी. आणि ज्याची भांडी, नाव, काळ व कामाची पद्धत एकाहून अधिक स्वतंत्र आधारांनी सिद्ध होते, त्याला ‘प्रसिद्ध नाही’ म्हणून नाकारणे आम्हाला मान्य नाही. प्रसिद्धी आणि महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरुण मित्रांनो, विश्वकोशाला दोष देऊन आपले काम संपत नाही. आज आपल्या हातात मोबाईल आहे, लेखणी आहे. आपल्या वस्तीत, नात्यात कुणी माती घडवत असेल, बांबू विणत असेल, चामडे शिवत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचे पूर्ण नाव, गाव, हे काम कोणाकडून शिकले, कोणती नक्षी स्वतः काढली, हे त्यांच्या संमतीने तारखेसह लिहून घ्या. वस्तूचा फोटो काढा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, चुकले असेल ते दुरुस्त करा आणि छापा. उद्या कुणी पुरावा मागितला तर तो दाखवता आला पाहिजे.

जय भीम!