नाणेघाट : चालणाऱ्यांसाठी खोदलेले पाणी

१/ पावसाळा ओसरू लागला की सुट्टीच्या दिवशी मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावापाशी माणसांचे गट उतरतात. कुणाला रक्तदाब आटोक्यात आणायचा असतो, कुणाला आठवड्याचा शीण घालवायचा असतो. सारे मिळून नाणेघाट चढतात. आरोग्यासाठी निवडलेली ही वाट मुळात थकलेल्या माणसाचा विचार करूनच घडवली गेली आहे.

२/ कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि घाटमाथ्यावरचे जुन्नर यांना जोडणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. कोकणातून चढणारा माल माणसांच्या व जनावरांच्या पाठीवरून जाई. माथ्यालगतच्या अरुंद खिंडीत पोहोचेपर्यंत पायांतले बळ सरत आलेले असे. नेमके तिथेच, खिंडीच्या तोंडाशी, कातळात लेणे खोदलेले आहे.

३/ १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याची नोंद घेतली. प्रथम ते बौद्ध लेणे समजले गेले. त्याच्या भिंतींवर मात्र ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एका सातवाहन राणीचा लेख होता. ही राणी म्हणजे नागनिका, असे सामान्यतः मानले जाते.

४/ लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांतील दक्षिणेची मोजदाद आहे : हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. हे आकडे अंकांत कोरलेले असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतींना मोठे स्थान आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला.

५/ याच लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार आणि एक ‘महारठी’ यांच्या मूर्ती होत्या. डोक्यावरची नावे वाचता आली. मूर्ती मात्र भंगल्या. उरल्या त्या काही पावलांच्या खुणा. पावलांनी घडलेल्या वाटेवर राजघराण्याचीही पावलेच शिल्लक राहावीत, हा विलक्षण योगायोग.

६/ घाटातला आणखी एक लेख छोटा आहे आणि फारसा कुणी वाचत नाही. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या राज्याच्या १३व्या वर्षी कामवनच्या दमघोष नावाच्या गृहस्थाने येथे ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. ना यज्ञ, ना हत्ती. चढून आलेल्या अनोळखी माणसाला पाणी मिळावे, एवढेच.

७/ बेसाल्टच्या पोटात खोदलेली अशी टाकी पावसाचे पाणी धरून ठेवतात. पाणी आणि सावली यांमुळे ही चढण एका दमाच्या जागेपासून दुसऱ्या दमाच्या जागेपर्यंत विभागली जाते. चालणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी इथे उपदेशातून नव्हे, छिन्नीने घेतलेली आहे.

८/ माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. ती जकात कधीच संपली. पण वाटेचे देणे संपलेले नाही. टाक्यात पाय बुडवणारे, बाटल्या फेकणारे, लेखावर नावे कोरणारे गट आरोग्य घेऊन घरी जातात आणि वाटेला आजारी करून ठेवतात. राणीचे हत्ती-घोडे गेले, राज्य गेले. दमघोषासारख्यांनी दिलेले पाणी पुढच्या माणसाला पिण्याजोगे राहील का, हे आता तिथे चालणाऱ्यांच्या हाती आहे.